कमठाण्याच्या गाळाच्या पाच नळ्या

"लोखंडाचा खिळासुद्धा नको," तो म्हणाला.

दानेश्वरीने हातातला कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मन्नाएखेळ्ळीला हायवेला लागूनच तिच्या वडिलांचं, चनमल्लप्पांचं, मंडपाचं दुकान होतं. लग्न असो, जत्रा असो की पुढाऱ्याची सभा, खांब आणि कनाती इथूनच जायच्या. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी लोखंडी पाइप किती, ते विचारायचं. हा मात्र भर उन्हातून घामाघूम होऊन आला होता, चष्म्यावर धूळ, पाठीला सॅक, आणि याला हवे होते बांबू, काथ्याची दोरी आणि प्लास्टिकचे निळे ड्रम.

"खिळा नको, पाइप नको. मग मंडप काय मंत्रानं उभा करायचा?"

"मंडप कुठाय? तराफा करायचाय. कमठाण्याच्या तळ्यात सोडायचाय."

"म्हंजे नवरा-नवरी पाण्यात बसणारेत?"

"नवरा-नवरी न्हाईत ओ. मी एकटाच हाय अजून..." आणि आपण काय बोलून बसलो ते कळून तो कानापर्यंत लाल झाला.

शहाण्या मुलीने अशा वेळी खाली बघावं. दानेश्वरी बघतच राहिली. शहाणपण आणि ती यांचं तसं कधी फारसं पटलं नव्हतंच.

त्याचं नाव हरिओम. भालकीकडच्या मेहकरचा, शेतकऱ्याच्या घरातला. पुण्यात पृथ्वीच्या चुंबकत्वावर संशोधन करत होता. चहा आला तसा तो जरा सैल झाला.

"तळ्यात काय गावायलंय तुम्हाला? सोनं?"

"गाळ."

"गाळासाठी पुण्याहून माणूस! आमच्याकडं लोक ट्रॅक्टर भरभरून नेतेत, कुणी विचारत बी न्हाई."

"तेच तर भ्या हाय," तो पुढे सरकून बसला. "हे बघा. पावसाबरोबर माती वाहून येते ना, तिच्यात लोखंडाचे कण असतेत, पिठापेक्षा बारीक. तळाला बसताना ते त्या वर्षीच्या उत्तरेकडं तोंड करून बसतेत. वरून दुसरा थर पडला की तसेच अडकतेत. आपल्याला वाटतंय, उत्तर जागची हलत न्हाई. पण सुईची उत्तर हलते. दोन-तीनशे वर्षांत कधी इकडं, कधी तिकडं. इथं ती कधी किती हलली, ते कुणी बघून ठेवलेलं न्हाई. गाळानं तेवढं ठेवलंय."

"अय्यो! मग त्या वास्तुवाल्याच्या नादानं आम्ही दुकानाचं दार उत्तरेला काढलो, त्याचं काय?"

तो हसला. पण हसू फार टिकलं नाही. सोमवारपासून तळ्याचं पाणी मोटारी लावून उपसणार होते, मग जेसीबी उतरणार होते. गाळ शेतांवर जाणार, थर खाली-वर होणार. त्याची चार वर्षांची मेहनत रविवारच्या एका दिवसावर येऊन ठेपली होती.

"रविवारी तराफा तयार असंल," दानेश्वरी म्हणाली. वडिलांना न विचारताच तिने शब्द दिला.

रविवार उजाडला तो ढग घेऊन. पाऊस नाही, पण सूर्याचा पत्ता नाही आणि वारा सुटलेला. हरिओमचा चेहरा उतरला. सावलीवरून दिशा पडताळायची त्याची दुसरी पद्धत होती, ती गेली. आता सगळी भिस्त होकायंत्रावर. त्यात पुण्याहून येणारा त्याचा सोबती तापाने फणफणला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"सुई बघायला कोण तरी पाहिजे," तो हवालदिल होऊन म्हणाला.

"मी बघते की."

"पाण्याला भ्याती ती," बांधावर टेम्पोच्या आडोशाला बसलेले चनमल्लप्पा म्हणाले. "लहानपणी हौदात पडलेली."

"आता मोठी झाले, अप्पा."

हरिओमने मग तिला बजावलं. अंगावर लोखंडाचा कण नको. फोन, किल्ल्या, घड्याळ, केसातल्या पिना, चपलांची बक्कलं, सगळं काढून ठेवायचं. दानेश्वरीने एकेक वस्तू अप्पांच्या उपरण्यात टाकली. केस मोकळे सुटले, ते तिने दोरीच्या तुकड्याने बांधले.

"अंगावर अजून काही राहिलं का? नीट बघा. लई महत्त्वाचं हाय."

"काही न्हाई," ती म्हणाली. अगदी खरेपणाने म्हणाली. मग गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून बसवण्णांचं नाव घेतलं आणि डोळे मिटून तराफ्यावर पाय ठेवला.

तराफ्याच्या मधोमध भोक होतं. तिथे उभा राहून हरिओम प्लास्टिकची लांब नळी गाळात दाबायचा. दानेश्वरी तराफ्याच्या टोकाला बसून सुई बघायची आणि उत्तर कुठे ते हाताने दाखवायची. नळी बाहेर काढायच्या आधी तो त्या बाजूला नळीवर काळी रेघ ओढायचा.

"ही रेघ चुकली तर?"

"तर कोणती बाजू उत्तर, ते कायमचं गेलं. मग नुसता चिखल घेऊन पुण्याला जायचं."

तराफा हलायचा, पाणी ड्रमवर थपथप आपटायचं, आणि दानेश्वरीचा जीव मुठीत यायचा. तिने होकायंत्र छातीशी घट्ट धरलं होतं. पाण्याकडे बघितलं की गरगरायचं, म्हणून ती पाण्याकडे बघतच नव्हती. हरिओमच्या दंडावरून घाम ओघळत होता. नळी अडली की तो खालचा ओठ दातात धरायचा... आणि सुटली की लहान मुलासारखा हसायचा. एकदा त्याने एकदम मान वर केली तेव्हा दोघांची नजर भिडली, आणि तिच्या छातीत जे धडधडलं ते काही पाण्याच्या भीतीने नव्हतं.

पाचव्या नळीला वाऱ्याने एक ड्रम सुटला. तराफा एका अंगाला कलला. हरिओमने एका हाताने नळी धरली आणि दुसऱ्याने तिचं मनगट.

"यंत्र सोडा, बांबू धरा!"

"न्हाई सोडणार," ती ओरडली. "तुम्ही रेघ ओढा आधी!"

त्याने मनगट सोडलं आणि रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी मोटारी सुरू झाल्या. पाचही नळ्या दुकानामागच्या गोदामात उभ्या होत्या, लोखंडी पाइपांपासून लांब, कोपऱ्यात. गाळ घट्ट बसेपर्यंत त्या आडव्या करायच्या नव्हत्या. त्यांना बघायला रोज मेहकरहून यायची खरं तर काही गरज नव्हती. हरिओम रोज यायचा.

"आज काय बघायला आलात?"

"नळ्या... कलल्या तर न्हाईत, ते."

"नळ्या तिकडं हायत. तुम्ही इकडं बघायलात."

"चष्मा जुना झालाय," तो म्हणायचा, आणि दोघं हसायची. मग ती गप्प व्हायची. हुमनाबादचे पाहुणे रविवारी तिला बघायला येणार होते. त्याचं घर वेगळं, देव वेगळे, स्वयंपाकघरसुद्धा वेगळं. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तोही पुढचं काही बोलत नव्हता. शुक्रवारी सकाळी गाडी येणार, नळ्या नेणार, आणि संपलं.

गुरुवारी दुपारी तो गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेला. होकायंत्र टेबलावरच होतं. दानेश्वरीने ते उचललं, तराफ्यावर धरलं होतं तसंच छातीशी धरलं आणि सहज एक गिरकी घेतली.

सुईही फिरली. ती जिकडे वळेल तिकडे, तिच्याच मागे मागे.

तिने हात लांब केला. सुई झटक्यात दुसरीकडे गेली. पुन्हा जवळ आणला. पुन्हा तिच्याकडे.

तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. लिंगाची चांदीची डबी. मागच्या दिवाळीत तिची कडी झिजून झाकण सारखं उघडायचं, तेव्हा बिदरच्या सोनाराने आतून दोन बारके चुंबक बसवून दिले होते. 'आता बघा कसं टक्कन बसतंय ते,' म्हणाला होता.

पाच नळ्या, पाच रेघा, आणि पाचही चुकलेल्या. तळ्यात तर आता जेसीबी फिरत होते.

न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? तो हसत जाईल, आठवण चांगली राहील. पण पुण्याला गेल्यावर तो आधी वरचा ताजा गाळ तपासणार होता. तो आजच्या उत्तरेशी जुळायला हवा, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. नाही जुळला की तो स्वतःलाच दोष देईल, माझ्या हातून नळी पिळली म्हणेल, आणि जन्मभर तसंच समजेल. दानेश्वरीला ते सोसवेना. तो दारात आला तशी ती एका दमात बोलून मोकळी झाली.

हरिओम पांढराफटक पडला.

"मी विचारलो होतो," तो हळू म्हणाला. मग आवाज चढला. "विचारलो होतो का न्हाई? अंगावर काही राहिलं का म्हणून? बजावून विचारलो! कामून सांगितलं न्हाईस?"

"अंगावर काहीच नव्हतं!"

"आणि हे काय हाय मग?"

"हे अंगावरचं न्हाई. हे अंगच हाय!" तिचाही आवाज फुटला. "जन्मल्यापासनं गळ्यात हाय. निजताना न्हाई काढत, न्हाताना न्हाई काढत. हात काढून ठेव म्हणलं तर काढते का मी? ते काढायच्या वस्तूत मोजायचं असतंय, हे मला सुचलंच न्हाई... आणि चांदी हाय ती. चांदीला काय होतंय, असंच वाटलं असतं."

लिंगायतांच्या शेजारातच हरिओम लहानाचा मोठा झाला होता. तिने खोटं सांगितलं नव्हतं, हे त्याला कळलं. तो खुर्चीत मटकन बसला आणि डोकं हातात धरलं. आवाज ऐकून चनमल्लप्पा दुकानातून आत आले.

"काय झालं? कामून भांडायलाव?"

हरिओमने मान वर केली.

"यंत्र कसं धरलं होतंस? कधी जवळ, कधी लांब?"

"न्हाई. पाची वेळा असंच. दुपट्ट्याच्या गाठीला टेकवून."

"मग चूक मोजता येती," तो उभाच राहिला. "तराफा इथं अंगणात मांडू. दरवेळी त्याचं टोक कुणीकडं होतं, ते मला पक्कं ठाऊक हाय, मीच दोर ओढून फिरवलो होतो. तू टोकाला बस. यंत्र तसंच धर. सुई किती बहकती ते बघू आणि तेवढी रेघ सरकवू. फक्त..."

"फक्त काय?"

"तुझं तोंड कुठं होतं, ते कळलं पाहिजे. पूर्वेला तोंड असंल तर चूक येगळी, दक्षिणेला असंल तर येगळी. चुंबक तुझ्याबरोबर फिरतंय ना. नीट आठव, दानेश्वरी. पाची नळ्या त्यावर हायत. सुई बघताना तू कुणीकडं तोंड करून बसली होतीस?"

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते.

"त्यात काय आठवायचंय?" चनमल्लप्पाच म्हणाले. "बांधाकडं. मी बसलो होतो की तिथं. भ्याली की पोरगी माझ्याकडंच बघती, लहानपणापासनं."

किती सोपं होतं! मान हलवली असती तर अप्पा सुखावले असते, रविवारी पाहुणे आले असते, कुणाच्या कपाळाला आठी पडली नसती. हरिओमनेही पेन उघडलं होतं. "बांधाकडं का?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

दानेश्वरीने होकायंत्र टेबलावर ठेवलं.

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "यांच्याकडं."

"काय?"

"मी यांच्याकडं बघत होते. बांधाकडं न्हाई, तळ्याकडं न्हाई. सुई बघितली की परत यांच्याकडं." तिचे कान तापले होते, पण ती थांबली नाही. "खोटं सांगितलं तर नळ्या वाया जातेत. म्हणून सांगायले."

हरिओमच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. चनमल्लप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि काही न बोलता बाहेर निघून गेले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी अंगणात काम केलं. तराफा फिरवायचा, ती टोकाला बसायची, तो मध्यावर उभा राहायचा, आणि ती त्याच्याकडे बघायची. या वेळी तोही बघत होता. मोजायचं म्हणून.

"दरवेळी?" त्याने एकदाच विचारलं.

"दरवेळी."

"माझ्यात काय एवढं..."

"आता गप बसा. सुई हलायलीय."

शुक्रवारी गाडी नळ्या घेऊन गेली. जाताना तो काहीतरी बोलायला तिच्यापाशी आला, पण ओट्यावर अप्पा बसले होते. "निकाल आला की फोन करतो," एवढंच म्हणाला. त्या दिवशी अप्पांनी हुमनाबादला फोन लावला आणि 'रविवारी नको, मागाहून बघू' म्हणून सांगितलं. तिच्याशी मात्र ते बोलले नाहीत. जेवायला बसले की ताटात बघून जेवायचे. दानेश्वरीचा जीव टांगणीला लागला होता. आता तर तिचा खरेपणाच त्या नळ्यांमध्ये बंद होऊन पुण्याला गेला होता. नळ्या तिच्या बोलण्याशी जुळल्या नाहीत तर? मग त्याचं कामही बुडणार, आणि अप्पांपुढे ती उगाच उघडी पडली होती, असं होणार.

पाच आठवड्यांनी एका दुपारी फोन वाजला. अप्पा समोरच बसून दोरखंडाच्या गुंड्या करत होते. कनातींवर खडूने आकडे घालताना तिचे हात पांढरे झाले होते, म्हणून तिने फोन टेबलावरच ठेवला आणि स्पीकर लावला.

"दानेश्वरी... वरचा गाळ तपासला."

"मग?"

"पहिली बरोबर आली. दुसरी बरोबर. तिसरी, पाचवी... अगदी बरोबर."

"आणि चौथी?"

"चौथी पार भलतीकडंच जायलीय. सर म्हणायलेत, एक चुकली तर बाकीच्या चार योगायोगानं आल्या नसतील कशावरून? ती पोरगी दरवेळी तुझ्याकडंच बघत होती, याला पुरावा काय? पाची टाकून दे म्हणायलेत."

अप्पांचे हात दोरावर थांबले.

दानेश्वरीने डोळे मिटले. चौथी नळी. वारा वाढला होता, नळी अडली होती, त्याने ओठ दातात धरला होता, आणि मग...

"तुम्ही बघितलं होतं," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"चौथ्या नळीला. नळी दाबता दाबता तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. मला... मला सोसंना ते. मी तोंड फिरवलं, यंत्रासकट अख्खीच वळून बसले."

"कुणीकडं?"

"बांधाकडं," ती म्हणाली. "अप्पाकडं. तुम्ही रेघ ओढेपर्यंत तिकडंच बघत होते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कीबोर्डची खडखड. टेबलाची कड तिच्या बोटांनी पांढरी केली होती.

"आली," तो म्हणाला. "चौथी बी आली. पाची एकाच दिशेला हायत, दानू. मी इथं एकटाच उभा राहून हसायलाव, लोक बघायलेत." तो थांबला. "मी बघितलो होतो. मलाबी आठवतंय. त्या दिवसापासनं दुसरं काही नीट दिसेनाच झालंय मला. आई-अण्णाला घेऊन येऊ का? तुझे अप्पा काय म्हणतेत ते विचार. तू काय म्हणतीस ते आधी सांग."

"या," ती म्हणाली. मग तिने भीत भीत वडिलांकडे पाहिलं.

चनमल्लप्पा दोरीची गुंडी हातात धरून तसेच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"म्हंजे चौथीला माझ्याकडं बघत होतीस," ते म्हणाले.

"व्हय, अप्पा."

"आणि ते त्या गाळातनं बी निघालं."

"व्हय."

त्यांनी मान खाली घातली, दोरीचा एक वेढा दिला, आणखी एक दिला. मग फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ये बाबा. घरच्यांना घेऊन ये, बसून बोलू." आणि थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, हळूच पुटपुटले, "पाचातली एक तरी माझी निघाली."